बिनतारी सरांचा डबा

"कोणाक विचारतंस?"

सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कणकवलीच्या त्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी शिकवायला लागले त्या दिवशीची गोष्ट आहे. मी रत्नागिरीकडे जाणाऱ्या रेल्वेची वेळ इंटरनेटवर शोधत होते. म्हटलं, "गाडीची वेळ बघतेय, सर."

"ता माका दिसता. पण विचारतंस कोणाक?"

"इंटरनेटला."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "इंटरनेट म्हणजे कोण? तेचा नाव काय, गाव काय? सगळ्यांक एकदम हाक मारूची ती बुडताना. तू बुडतंस काय गो?"

नोकरी पहिल्याच दिवशी सोडावी की दुसऱ्या दिवशी, एवढाच विचार तेव्हा माझ्या मनात आला. पुढे चार वर्षं मी तिथेच होते.

कणकवलीत त्यांना सगळे 'बिनतारी' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. वीस-बावीस वर्षं ते मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. बोटीच्या वरच्या मजल्यावर एक खोली, कानाला हेडफोन, समोर बिनतारी यंत्र. जगातल्या कुठल्याही बंदराशी बोलायचं ते यांनीच. मग उपग्रह आले. कॅप्टनच स्वतः बटण दाबून बोलू लागला आणि सगळ्या बोटींवरची ती खोली रिकामी झाली. सर पन्नाशीच्या आत घरी आले. त्यांचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं, घर समुद्राला लागून. पण तिथे ते राहिले नाहीत. कणकवली का निवडली असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "हयसून समुद्र दिसना नाय म्हणान." एसटी डेपोसमोर दुकानांवरच्या दोन खोल्या घेऊन त्यांनी दहा-बारा कॉम्प्युटर मांडले आणि शहरातल्या एका कंपनीची पाटी लावली. त्या कंपनीचा कोर्स केला की सर्टिफिकेट मिळायचं, आणि पोरं सर्टिफिकेटसाठी यायची. सरांच्या डोक्यात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

बोटीवरून सरांनी एकच वस्तू आणली होती, ती म्हणजे त्या खोलीतलं घड्याळ. पितळी, जड, आणि तबकडीवर दोन ठिकाणी लाल रंगाच्या फाका. तासाला दोनदा, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, काटा त्या लाल फाकेत शिरला की समुद्रावरच्या सगळ्या बोटींनी गप्प राहायचं आणि नुसतं ऐकायचं; कोणी बुडत असेल तर त्याची बारीक हाक कानावर यावी म्हणून. हा नियम आता जगात कुठेच उरला नव्हता. आमच्या सेंटरमध्ये मात्र होता. काटा लाल फाकेत आला की सर टेबलावर टिचकी मारायचे आणि सगळ्यांनी की-बोर्डवरून हात उचलायचे. तासावर पैसे घेतले जात असल्यामुळे गिऱ्हाईकं कुरकुरायची, तेव्हा सर ती सहा मिनिटं बिलातून वजा करायचे. नवा माणूस विचारायचा, "कसली वाट बघतायत?" जुना म्हणायचा, "कोण बुडता काय ता बघतत." मग दोघंही गप्प बसायचे. मलाही ते आधी वेडगळ वाटलं. पुढे मी त्या तीन मिनिटांत भाजी काय करायची ते ठरवू लागले.

आता डब्याबद्दल. तेव्हाच्या ब्राउझरला वर उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची, सर्च बार. शब्द लिहा, एंटर दाबा, जगातला सगळा गाळ समोर. लोक तिच्याकडे लक्षही द्यायचे नाहीत. सर तिला 'डबो' म्हणायचे, आणि त्यांचा सगळा जीव त्या डब्यात होता. त्या चौकटीला बाजूला एक बारीक बाण असे. तो दाबला की यादी उघडायची, आणि त्या यादीत आपल्याला हवं ते जोडता येतं हे सरांना कुठून कळलं कोण जाणे. रेल्वेच्या वेळा, बोर्डाचे निकाल, शब्दकोश, पिनकोड, भरती-ओहोटी, औषधांची नावं: ज्या त्या विषयाचं खात्रीचं पान शोधून त्याचा धागा ते या यादीत ओवायचे. तयार अ‍ॅड-ऑन मिळालं तर घ्यायचे, नाहीतर नोटपॅड उघडून ओळ न् ओळ स्वतः लिहायचे. प्रत्येकाला एक चिमुकलं चित्र लागतं. ते आधी आलेख-कागदावर, सोळा चौकोन आडवे न् सोळा उभे, रंगीत पेन्सिलींनी काढायचे. भरती-ओहोटीला बांगडा होता, निकालांना शाळेची घंटा. आणि यातल्या प्रत्येकाला ते 'ठेसन' म्हणायचे. एखादं जुळलं की रजिस्टरमध्ये, बोटीवरच्या सवयीने, लंडनच्या वेळेत नोंद करायचे आणि मला हाक मारायचे, "चेडवा, नवा ठेसन लागला!"

एकदा एका बँकेचे साहेब आले. खुर्ची ओढून बसणार तेवढ्यात सर म्हणाले, "साहेबानू, आधी कोणाक विचारूचा ता ठरवा, मगे बसा." साहेब तणतणत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि दारातूनच म्हणाले, "औषधांचं ठेसन." सरांनी त्यांना स्वतः खुर्ची दिली.

आणखी एक सांगायचं राहिलं. आम्ही सगळे घरी मालवणी बोलतो आणि टेबलामागे बसलो की शुद्ध. मी तर सेंटरमध्ये चुकूनही 'माका' म्हणायची नाही. तोंडवलीची कोळणीची पोर म्हणून कोणी ओळखेल ही धास्ती. सरांचं उलटं होतं. कलेक्टर कचेरीतून कोणी आलं तरी ते मालवणीच बोलायचे. शुद्ध बोलायचे ते फक्त चिडल्यावर. "कृपया बसा" असं त्यांच्या तोंडून आलं की आम्ही सगळे उभे राहायचो.

मी जे केलं ते आता सांगते.

सर निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी चार दिवस मुंबईला गेले होते. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे समन्वयक आले. टाय लावलेले, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे. त्यांच्याकडे एक सीडी होती. "प्रत्येक मशीनवर टाका. सगळ्या सेंटरांची स्क्रीन सारखी दिसली पाहिजे. नाहीतर मान्यता जाईल." मी सरांना फोन लावला, लागला नाही. थांबता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही तो डबा म्हणजे म्हातारपणचा छंद वाटत होता. मी दहा-बारा मशीनवर ती सीडी चालवली. कोपऱ्यातला डबा गेला, सगळी ठेसनं गेली, बांगडा गेला, घंटा गेली. वर कंपनीची एक जाड निळी पट्टी आली. तिच्यात काय वाटेल ते विचारायचं आणि तिने काय वाटेल ते दाखवायचं, आधी जाहिराती आणि मग बाकीचं.

त्याच आठवड्यात माझ्या भावाला मुंबईच्या एका एजंटचं पत्र आलं होतं. परदेशी बोटीवर नोकरी. पत्रावर बोटीचं नाव, बोटीचा नंबर, शिक्का, सगळं. एजंटला द्यायचे पैसे उभे करायला आमची होडी विकायची ठरली. ती होडी म्हणजे आमचं घर होतं. बाबा तिच्यातून मासे आणायचे, आई ते आचऱ्याच्या बाजारात विकायची, माझं बारावीनंतरचं शिक्षण त्यातूनच झालं. बाबांचं मन होईना. मग भाऊ म्हणाला, "ताई कॉम्प्युटरात बगतली. ती सांगात ता खरा."

आई आणि भाऊ दोघं कणकवलीला आले. मी बोटीचं नाव लिहायला लागले तशी आईने माझा हात धरला. "असा नुसता नाव घेवन विचारतत काय? नीट गाऱ्हाणा घाल." आमच्याकडे देवाला काही विचारायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात, कोण, कुठला, कशासाठी ते सगळं सांगून, आणि मग कौल लावतात. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आईने डोक्यावर पदर घेतला आणि स्क्रीनला हात जोडले. "बा देवा महाराजा! माझो झिल परदेशी बोटीर नोकरेक जावक निघालोहा. एजंटाचा कागद इलोहा. तो एजंट, ती बोट, ती नोकरी जर खरी असात, तर उजवो कौल दी!" भाऊ म्हणाला, "व्हय महाराजा." शेजारच्या मशीनवरची दोन गिऱ्हाईकंही सवयीने म्हणाली, "व्हय महाराजा." आणि मी, पदवीधर, कॉम्प्युटर शिकवणारी, आईचं मन राखायचं म्हणून ते सगळं गाऱ्हाणं इंग्रजी अक्षरांत, एजंटच्या आणि बोटीच्या नावासकट, त्या निळ्या पट्टीत टाइप केलं.

पहिल्याच ओळीला एजंटचं पान आलं. पांढरीशुभ्र बोट, हसणारे खलाशी, खाली तोच शिक्का. पान उघडलं तेव्हा ती बोट स्क्रीनच्या उजव्या बाजूला होती. आई म्हणाली, "उजवो दिल्यान!" आणि मी म्हटलं, "हो आई, खरं दिसतंय." त्या चार शब्दांची मला आजही लाज वाटते. कौलापुढे बाबा बोलले नाहीत. होडीचं गिऱ्हाईक ठरलं, बुधवारी सकाळी येऊन घेऊन जाणार.

सर सोमवारी आले. एक मशीन बघितलं, दुसरं बघितलं, मग रजिस्टर उघडून लंडनची वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, 'सगळी ठेसना बंद.' मी उभी होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "कोणाक विचारून?" मी समन्वयकांचं सांगितलं, मान्यतेचं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काही बोलेनात म्हणून मी बोलत सुटले आणि भावाच्या नोकरीचीही बातमी सांगून टाकली, निदान त्याने तरी ते खूश होतील म्हणून. बोटवाल्या माणसाला बोटीची बातमी.

"कागद आसा?"

पत्राची झेरॉक्स माझ्या पर्समध्येच होती. सरांनी कपाटातून फ्लॉपीचा खोका काढला, एका मशीनवरची निळी पट्टी काढून टाकली आणि डब्यात पहिलं ठेसन जोडलं ते बोटींचं. जगभरच्या जहाजांची यादी ठेवणारं एक पान होतं. ते म्हणाले, "नाव नको. नाव कोणय बदलता. नंबर बदलणा नाय." पत्रातला नंबर मी लिहिला. एकच ओळ आली. बोट खरीच होती. पण तिच्यापुढे शब्द होता, 'भंगार'; चार वर्षांपूर्वी बांगलादेशच्या किनाऱ्यावर ती मोडली होती.

"चुकीचं असेल," मी म्हटलं.

"हो शब्द चुकीचो नसता. मी रोज वाचतंय."

तेव्हा मला कळलं. रोज सकाळी पहिलं मशीन सुरू केलं की सर एका बोटीचं नाव लिहायचे, एक क्षण बघायचे आणि पान मिटायचे. नेट चालू आहे का ते तपासत असतील असं मला वाटायचं. ती त्यांची शेवटची बोट होती, तीही मोडलेली. तरी रोज तिची चौकशी केल्याशिवाय हा माणूस दिवस सुरू करत नव्हता.

मी रडायला लागले. म्हटलं, "पण ते पान पहिलं आलं होतं, सर."

"गो बाय, तू एजंटाक विचारलंस, एजंट खरो काय म्हणान. तो दुसरा काय सांगतलो?"

संध्याकाळच्या एसटीने मी तोंडवलीला गेले आणि घरी सांगितलं. भाऊ भडकला. "तो बिनतारी! तेका बोटीरसून काढल्यानी, म्हणान कोणी जावक नको तेका. आणि तू तेची शिकवलेली." आई म्हणाली, "देवान उजवो दिलोहा, आता माघार नाय." बाबा माझ्याकडे बघत होते आणि मीच दोन-तीन दिवसांपूर्वी उलटं सांगितलेलं होतं. माझ्या शब्दाला काही किंमतच उरली नव्हती.

मंगळवारी मी हे सरांना सांगितलं, भावाचं बोलणंसुद्धा. त्यांनी सेंटरला कुलूप लावलं, तसंच, भर दुपारी, आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. आठ वर्षं समुद्राकडे न फिरकलेला माणूस तोंडवलीच्या वाळूत आमच्या होडीला टेकून बसला, समुद्राकडे पाठ करून. घरी चला म्हटलं तर आले नाहीत. बाबा, आई, भाऊ तिथेच आले. सरांनी यादीचा छापलेला कागद काढला, एजंटचं पत्र काढलं आणि दोन्हीवरचे नंबर भावालाच मोठ्याने वाचायला लावले. भावाने पहिला वाचला. दुसरा तोच निघाला, आणि यादीतल्या 'भंगार' या शब्दावर बोट ठेवून त्याने कागद बाबांकडे दिला.

आई अडून बसली होती. "पण मी गाऱ्हाणा घातलंय ता काय खोटा?"

सर तिला हात जोडून म्हणाले, "वयनी, गाऱ्हाणा बरोबर होता. देऊळ चुकला."

आईने पदर खोचला आणि बाबांना म्हणाली, "त्या गिऱ्हायकाक सांगान येवा. होडी विकूची नाय." बाबा अक्षरशः पळत गेले. सर उठले, वाळू झटकली, होडीच्या नाळेवर, त्या पुढच्या टोकावर, एकदा हात ठेवला आणि मान वर न करता रस्त्याला लागले. भावाची माफी त्यांनी ऐकूनच घेतली नाही. "माझा काम नाय ता," म्हणाले. पुढे वर्षभराने परवानाधारक कंपन्यांची यादी डब्यात जोडून त्यांनीच त्याला खरी बोट शोधून दिली. आज तो तिथे बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम आहे.

सेंटर त्यानंतर तीन वर्षं चाललं. मग फोनवरच नेट आलं, सर घड्याळ काखोटीला मारून गावी, त्या समुद्राजवळच्या घरी राहायला गेले. मी आता सरकारी कचेरीत आहे. नव्या ब्राउझरांनी तो कोपऱ्यातला डबाच काढून टाकला. मी शोधून, खटपट करून तो पुन्हा बसवला आहे. आमचे आयटीवाले दर वेळी काढतात, मी दर वेळी बसवते. त्यांना वाटतं बाई विक्षिप्त आहे.

पण सर आठवतात ते होडीजवळचे नाहीत. समन्वयक दुसऱ्यांदा आले त्या दिवशीचे आठवतात.

तोवर सगळी मशीनं पूर्ववत झाली होती. मीच केली होती, एकेक करून, त्या फ्लॉप्यांवरून. समन्वयकांनी एक स्क्रीन बघितली, दुसरी बघितली. "हा काय प्रकार आहे? पट्टी कुठे आहे?"

सर उठले. "कृपया बसा," ते म्हणाले, आणि खोलीतली सगळी पोरं उभी राहिली. "आपली पट्टी मी काढली आहे. माझ्याकडे येणारा माणूस कोणाला विचारतो आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे. आपल्या पट्टीत ते कळत नाही. ती पुन्हा बसणार नाही."

"मग आमची पाटीही राहणार नाही."

"अवश्य," सर म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्टूल उचललं आणि बाहेरच्या गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले आणि स्टूल धरलं. कोर्सला बसलेल्या पोरांची परीक्षा कंपनीच्या कसालच्या सेंटरला होणार हे त्यांनी स्टुलावर चढता चढता समन्वयकांकडून वदवून घेतलं. दोन स्क्रू निघाले. तिसऱ्याला हात घातला आणि आतून कोणीतरी टेबलावर टिचकी मारली. पावणेबारा. सरांचा हात थांबला. पाटी एका कुशीवर लोंबकळत होती, खाली डेपोत एसट्या भोंगे वाजवत होत्या, आणि समन्वयक पाटी उतरवून घ्यायला उभे असूनही पुरी तीन मिनिटं गप्प राहिले. कोणी बोलूच देईना त्यांना.

काटा लाल फाकेबाहेर पडला तसे ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी शहाण्या व्हा. इथे आता काही राहिलेलं नाही. कसालला जागा आहे, पगारही जास्त आहे. घरी विचारा आणि मला उद्या कळवा."

"विचारलंय," मी म्हटलं.

"कोणाला?"

"माकाच."

समन्वयकांना आधी समजलंच नाही. त्या गॅलरीत, त्या नोकरीत, मी पहिल्यांदाच मालवणी बोलले होते आणि माझे कान तापले होते. सरांनी तिसरा स्क्रू खिशात टाकला. राग अजून उतरला नसावा, कारण वरून ते शुद्ध मराठीतच म्हणाले, "स्टूल हलतंय, मॅडम. नीट धरा."